संत्र्याच्या एकाच फांदीवर पिवळेपणा : जस्ताची कमतरता समजावी की ग्रीनिंग?

वरूडचा_बागायतदार

नमस्कार. वरूड तालुक्यात आमची नागपुरी संत्र्याची सहा वर्षांची बाग आहे. जंबेरी लिंबाच्या खुंटावर कलम केलेली साधारण ५४० झाडे १८ बाय १८ फुटांवर लावलेली आहेत. गेल्या सप्टेंबरमध्ये पावसाळ्यानंतरची नवती (नवी पालवी) फुटली, तेव्हा पूर्वेकडच्या धुऱ्याला (बांधाला) लागून असलेल्या सात झाडांवर एक विचित्र गोष्ट दिसली. बाकीचे झाड हिरवेगार असताना एखादीच फांदी हळद लावल्यासारखी पिवळी पडली होती. पाने जवळून पाहिली तर पिवळे आणि हिरवे चट्टे एकमेकांत मिसळलेले होते आणि शिरा जाड, फुगल्यासारख्या वाटत होत्या. या झाडांची आंबिया बहाराची काही फळे लहान आणि एका बाजूला कललेली निघाली. ती देठाकडे रंगली, पण खालचा भाग हिरवाच राहिला. एक फळ उभे कापून पाहिले तेव्हा मधला दांडा वाकलेला होता आणि बहुतेक बिया काळसर, पोचट होत्या.

कृषी सेवा केंद्रात जस्ताची कमतरता असल्याचे सांगितले गेले, म्हणून झिंक सल्फेटच्या दोन फवारण्या घेतल्या. दोन महिन्यांनंतरही त्या फांद्यांत काही फरक पडलेला नाही. बाबांचे म्हणणे असे की पिवळ्या फांद्या सल (वाळलेल्या फांद्या) काढतो तशा कापाव्यात, जखमेवर बोर्डो मलम लावावा आणि झाडे ठेवावीत, कारण झाडे आता कुठे भरात येत आहेत. एका परिचितांनी ग्रीनिंग या जिवाणूजन्य रोगाची शंका व्यक्त केली आणि तेव्हापासून घरात कोणालाच नीट झोप नाही. कलमे एका खासगी रोपवाटिकेतून घेतली होती. कलमासाठी वापरलेले डोळे कोणत्या मातृवृक्षाचे होते हे तेव्हा आम्ही विचारले नाही आणि आता विचारले तर तिथून उत्तर मिळत नाही. धुऱ्यापलीकडे बावीस-तेवीस वर्षांची जुनी बाग आहे. तिच्याकडे तीन वर्षांपासून कोणी पाहत नाही.

हा रोग नेमका कसा ओळखावा, तो झाडात आणि बागेत कसा पसरतो, आणि फांद्या कापून झाडे वाचतील का, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

---

रोगशास्त्र_शिक्षक

आपण फळ कापून पाहिले हे फार चांगले केले, कारण पानांपेक्षा फळ अधिक स्पष्ट बोलते. वाकलेला दांडा, पोचट बिया आणि देठाकडून रंगत येऊन तळाशी हिरवे राहिलेले फळ ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसली, तर जस्ताची कमतरता हे स्पष्टीकरण पुरत नाही. निरोगी संत्र्याचा रंग साधारणपणे तळाकडून चढतो, तर या रोगात हा क्रम उलटतो. फळ असे हिरवे राहते म्हणूनच दक्षिण आफ्रिकेत या रोगाला ग्रीनिंग हे नाव पडले. चीनमध्ये त्याला हुआंगलाँगबिंग म्हणतात. आपण वर्णन केलेली ती हिरव्या झाडातली एकच पिवळी फांदी, हाच त्या नावाचा मूळ अर्थ आहे. चिनी शास्त्रज्ञ लिन कुंगशियांग यांनी १९५६ साली दाखवून दिले की हा रोग कलमातून एका झाडाकडून दुसऱ्याकडे जातो, म्हणजे तो जमिनीचा किंवा अन्नद्रव्याचा दोष नाही.

आधी एक सोपी तपासणी करा. संशयित पान घ्या आणि मध्यशिरेच्या एका बाजूला पिवळ्या चट्ट्याभोवती बॉलपेनने छोटे वर्तुळ काढा. मग दुसऱ्या बाजूला बरोबर त्याच जागी, आरशात दिसेल तसे, दुसरे वर्तुळ काढा. जस्त किंवा मँगनीजच्या कमतरतेत दोन्ही वर्तुळांत जवळजवळ सारखेच चित्र दिसते : शिरा हिरव्या आणि त्यांच्या मधली जागा पिवळी. ग्रीनिंगमध्ये एका वर्तुळात पिवळे तर दुसऱ्यात हिरवे दिसते, कारण चट्टे शिरांची हद्द पाळत नाहीत. कृषी सेवा केंद्रातील माणसाचीही फार मोठी चूक म्हणता येणार नाही. रोगट फांदीवर पुढे येणारी पाने खरोखरच लहान, उभी आणि जस्ताच्या कमतरतेसारखी दिसतात, कारण रोगाने मुळे कमकुवत होतात आणि झाडाला अन्नद्रव्ये कमी पडू लागतात.

दुसरी तपासणी आयोडीनची. पानाच्या वरच्या बाजूवर बारीक पॉलिश पेपर घासा. त्यावर चिकटलेला हिरवा चोथा थोड्या पाण्यात घ्या आणि आयोडीनचे थेंब टाका. पाणी गडद काळपट झाले तर पानात स्टार्च साचला आहे असे समजावे. निरोगी झाडाच्या तेवढ्याच वयाच्या पानावर हीच कृती करून दोन्ही पेले शेजारी ठेवा. मात्र डिंक्या रोगाने (यात बुंध्यातून डिंक गळतो) साल खाल्लेली किंवा मोडून लोंबकळणारी फांदी असेल तरी स्टार्च साचतो, त्यामुळे ही तपासणी शंका पक्की करते, निदान करत नाही. निदान प्रयोगशाळेतल्या पीसीआर (जिवाणूचा डीएनए शोधणाऱ्या) चाचणीनेच होते. त्यासाठी लक्षणे असलेल्या फांदीची पाने देठांसकट द्यावीत, कारण जिवाणू देठात आणि मध्यशिरेत जास्त सापडतो. झाडात तो सर्वत्र सारखा पसरलेला नसतो. हिरव्या फांदीचा नमुना दिला आणि अहवालात तो आढळला नाही, तर झाड निरोगी ठरत नाही. नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आपल्याला जवळ आहे, तिथे विचारणा करावी.

आता स्टार्च का साचतो ते सांगतो, कारण सगळा रोग त्यातच आहे. पाने तयार केलेली साखर सालीच्या आतल्या रसवाहिन्यांतून फळांकडे आणि मुळांकडे जाते. कँडिडेटस लिबेरिबॅक्टर एशियाटिकस हा जिवाणू फक्त याच वाहिन्यांत राहतो. तो झाडाच्या जिवंत पेशींच्या आत असतो, त्यामुळे पानांवर मारलेले कोणतेही ताम्रयुक्त औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. झाड त्याला अडवण्यासाठी वाहिन्यांच्या चाळण्यांसारख्या छिद्रांत कॅलोज नावाचा पदार्थ भरते आणि त्या पेशीही मरू लागतात. जिवाणू अडतो की नाही हा प्रश्नच आहे, पण साखरेची वाट मात्र नक्की अडते. वर पानात स्टार्च कोंबला जातो, हरितकणांची रचना बिघडते आणि पान पिवळे पडते, तर खाली मुळे उपाशी राहतात. फ्लोरिडातील निरीक्षणांत पानांवर लक्षणे नीट दिसण्यापूर्वीच तंतुमुळांची ३० ते ५० टक्के हानी झालेली आढळली आहे.

आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. पिवळी फांदी म्हणजे रोगाची सुरुवात नव्हे. फांदी पिवळी होईपर्यंत जिवाणू बहुधा मुळांपर्यंत जाऊन आलेला असतो. म्हणून सल काढल्यासारखी फांदी कापून झाड वाचत नाही. नवे फुटवे काही महिने हिरवे दिसतात आणि त्या हिरवेपणावर विसंबून आपण फसतो. मला ठाऊक आहे की हे वाचायला कठीण जाईल.

---

जालना_मोसंबी

आमच्याकडे मोसंबी आहे. दोन गोष्टी ऐकून आहे, त्या खऱ्या की खोट्या हे कृपया सांगावे. एक, हा जिवाणू उष्णतेने मरतो, आणि विदर्भात तर उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, मग तिथे तो टिकतोच कसा? दोन, लिंबावरच्या खैऱ्या रोगाला पूर्वी स्ट्रेप्टोसायक्लिन मारत असत, हाही जिवाणूजन्य रोग असेल तर तेच औषध का चालू नये?

---

रोगशास्त्र_शिक्षक

दोन्ही प्रश्न मोलाचे आहेत. या रोगाचे आफ्रिकी आणि आशियाई असे दोन प्रमुख प्रकार आहेत. आफ्रिकी प्रकार थंड, उंच भागात जोर धरतो आणि उष्णतेत त्याची लक्षणे मावळतात. त्याचा वाहक कीटकही वेगळा आहे. आपल्याकडचा आशियाई प्रकार उष्णता सहन करतो. कुंडीतल्या रोपांना ४० ते ४२ अंशांत सलग दोन दिवसांहून अधिक काळ ठेवले, तर जिवाणू खूप घटतो हे प्रयोगांनी दिसले आहे, पण त्यातला कळीचा शब्द 'सलग' हा आहे. वरूडच्या मे महिन्यात दुपार तापते, रात्री पारा उतरतो, आणि जमिनीत दोन वीत खाली मुळे बऱ्यापैकी थंड असतात. शेंड्यातला जिवाणू घटला तरी मुळांतून तो पुन्हा वर येतो.

खैऱ्याचे गणित निराळे आहे. तो झॅन्थोमोनास गटातल्या जिवाणूमुळे होतो. पाने, फळे आणि कोवळ्या फांद्या यांवर त्याचे खडबडीत डाग पडतात, पावसाच्या थेंबांबरोबर आणि वाऱ्याबरोबर तो उडतो, नागअळीने पोखरलेल्या पानांत सहज शिरतो आणि छाटणीच्या कात्रीवरूनही जातो. त्याची वस्ती डागांत असल्याने ताम्रयुक्त फवारणीने त्याला आवरता येते. ग्रीनिंग पावसाने पसरत नाही आणि कात्रीने पसरल्याचेही व्यवहारात दिसत नाही. त्याला दोनच वाटा आहेत : रोगट झाडाचा डोळा आणि सिट्रस सिला ही कीड.

प्रतिजैविकांबद्दल म्हणाल तर फ्लोरिडात २०२२ च्या अखेरीपासून ऑक्सिटेट्रासायक्लिन खोडात टोचण्यास परवानगी आहे. त्याने झाड रोगमुक्त होत नाही, काही काळ सावरते आणि टोचणी पुन्हा करावी लागते. भारतात स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन (स्ट्रेप्टोसायक्लिनमधले घटक) यांचा शेतीतील वापर १ जानेवारी २०२४ पासून बंद करण्यात आला आहे, आणि माणसांच्या औषधांविरुद्ध जिवाणूंचा प्रतिकार वाढू नये म्हणून तो निर्णय योग्यच आहे असे माझे मत आहे. कोणी जुना साठा देऊ केला तरी घेऊ नका.

जाता जाता एक गोष्ट. 'कँडिडेटस' हा शब्द नावाला जोडण्याचे कारण असे की हा जिवाणू अजून प्रयोगशाळेत नेहमीच्या पद्धतीने शुद्ध स्वरूपात वाढवता आलेला नाही. त्याची जनुकीय माहिती २००९ साली प्रसिद्ध झाली, ती जेमतेम १२ लाख ३० हजार अक्षरांची आहे. आपल्या आतड्यातल्या ई. कोलायची सुमारे ४६ लाखांची असते. कितीतरी गोष्टी हा जिवाणू स्वतः बनवू शकत नाही. तयार ऊर्जासुद्धा तो यजमानाच्या पेशीतून ओढून घेतो. झाडाबाहेर आणि कीटकाबाहेर त्याला जगता येत नाही, आणि आपल्या दृष्टीने ही एक जमेची बाजू आहे.

---

काटोलकर

वरूडच्या भाऊंना, मी आपल्यासारखाच शेतकरी आहे आणि चार वर्षांपूर्वी आमच्या बागेतली ३१ झाडे याच कारणाने काढली. त्यामुळे बाबांच्या मनात काय चालले असेल ते मला कळते. आमच्या आईने त्या दिवशी वावरात पाय ठेवला नाही.

सिलाबद्दल लिहितो, कारण ती कीड मी तेव्हापासून दर आठवड्याला पाहतो. भिंग विकत घ्या, दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग पुरते. प्रौढ सिला तीन-चार मिलिमीटरचा, तपकिरी ठिपक्यांच्या पंखांचा असतो आणि बसतो तेव्हा डोके पानाला टेकवून मागचा भाग वर उचलतो. पानाच्या शिरेवर कोणी बारीक काटा तिरपा रोवला आहे असे वाटते. ही बसण्याची ढब एकदा ओळखली की मावा आणि तुडतुडे यांच्यात तो वेगळा कळतो. मादी अंडी फक्त नवतीवर घालते, पान उलगडण्याआधीच्या कोवळ्या शेंड्याच्या बेचक्यात. अंडी बदामाच्या आकाराची, पिवळी ते नारिंगी असतात. एक मादी आयुष्यात आठशेपर्यंत अंडी घालू शकते. पिल्ले चपटी, पिवळसर, लाल डोळ्यांची असतात आणि त्यांच्या मागून मेणाचे पांढरे, वळलेले दोरे निघतात. कोवळ्या शेंड्यावर असा पांढरा शेवयांसारखा चुरा दिसला की समजावे की पिल्ले आत आहेत. अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास उबदार दिवसांत दोन-अडीच आठवड्यांत होतो.

म्हणजे नवती नसेल तर सिलाची पैदास नाही. आपल्याकडे जानेवारी-फेब्रुवारी, जून-जुलै आणि सप्टेंबर-ऑक्टोबर अशा तीन मुख्य नवत्या येतात आणि सिलाची गर्दीही त्याच वेळी होते. आम्ही फवारणी कॅलेंडर पाहून करायचो, आता शेंडे पाहून करतो. नवती एक-दोन इंच असतानाचे आठ दिवस हातचे गेले, तर पुढच्या फवारणीला फारसा अर्थ राहत नाही. खुंटावरून आणि खोडावरून येणारे पाणसोट (जोमदार, निरुपयोगी फुटवे) आम्ही ठेवत नाही, कारण मुख्य नवती संपल्यावरही त्यांच्यावर कोवळे शेंडे राहतात आणि सिलाला तेवढे पुरते.

घराजवळचा कढीपत्ता आणि कुंपणाची कुंती (शोभेचे झुडूप) हीसुद्धा नीट पाहा. कढीपत्त्यावर सिला आनंदाने वाढतो. कुंतीवर कीडही वाढते आणि जिवाणूही राहू शकतो. आमच्या फाटकाशी कुंतीची सुंदर रांग होती, ती काढताना वाईट वाटले.

सरसकट विषारी फवारण्या करू नका, असे मात्र मनापासून सांगेन. टॅमरिक्सिया रेडिएटा नावाची एक बारीक गांधीलमाशी आपल्याच मुलखातली आहे. तिचे पहिले वर्णन १९२२ साली अविभाजित पंजाबातल्या नमुन्यांवरून झाले आणि १९७८ मध्ये भारतातून ती रियुनियन बेटावर नेऊन सोडली तेव्हा तिथे तिने सिलाला चांगलेच आवरले. ती सिलाच्या पिल्लाच्या पोटाखाली अंडे घालते. मेलेले पिल्लू तपकिरी होऊन पानाला चिकटते आणि त्याच्या छातीच्या भागावर एक नीटनेटके गोल छिद्र दिसते, तिथून नवी माशी बाहेर पडलेली असते. अशी चिकटलेली पिल्ले दिसली की मी त्या ओळीत आठवडाभर फवारत नाही. ढालकिडे आणि क्रायसोपा या मित्रकीटकाच्या अळ्याही पिल्ले खातात. फुलोऱ्यात इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झाम ही कीटकनाशके कधीच वापरू नयेत, मधमाश्या मरतात.

---

लेकलँडहून

मी मूळची अमरावतीची, गेली अकरा वर्षे फ्लोरिडात लिंबूवर्गीय बागांच्या सल्ला-सेवेत काम करते. धागा वाचून राहवले नाही, कारण वरूडच्या दादांनी लिहिलेली वाक्ये मी इथे दुसऱ्या भाषेत शेकडो वेळा ऐकली आहेत.

फ्लोरिडात सिला पहिल्यांदा १९९८ मध्ये सापडला आणि रोग ऑगस्ट २००५ मध्ये मायामीच्या दक्षिणेला. मधल्या सात वर्षांत कीड राज्यभर पसरली होती, आणि त्यात कुंतीच्या शोभेच्या रोपांच्या व्यापाराचा मोठा हात होता. रोग सापडला तेव्हा अनेकांना वाटले की तो आत्ताच आला आहे. वास्तविक तो काही वर्षे आधीच आलेला असावा आणि न दिसता फिरत असावा. २००३-०४ च्या हंगामात इथे संत्र्याच्या २४ कोटी २० लाख पेट्या निघाल्या होत्या, प्रत्येकी सुमारे ४१ किलोची पेटी. २०२२-२३ मध्ये १ कोटी ५८ लाख निघाल्या. त्या वर्षी इयान चक्रीवादळानेही मोठे नुकसान केले, पण वादळे पूर्वीही येत होती आणि बागा सावरत होत्या. मुळे गेलेली झाडे सावरत नाहीत. तोडणीच्या आधीच्या आठवड्यांत झाडाखाली फळांचा सडा पडतो आणि झाडावर मोजकी, कडवट, लहान फळे राहतात, हे चित्र मी दर वर्षी पाहते.

इथल्या संशोधनातून कळलेली एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. बाधित सिलाने कोवळ्या नवतीवर रस शोषला आणि अंडी घातली, की ती नवती पंधरा दिवसांच्या आत स्वतः रोगाचे उगमस्थान बनते. तिथेच वाढलेली पिल्ले जिवाणू घेऊन प्रौढ होतात आणि उडतात. लहानपणी घेतलेला जिवाणू सिलाच्या शरीरात वाढत जातो, लाळग्रंथींपर्यंत पोचतो आणि तो कीटक मरेपर्यंत रोग देत राहतो. झाड मात्र त्यानंतर कित्येक महिने, कधी वर्ष-दोन वर्षे, बाहेरून निरोगी दिसते. म्हणजे आपल्या सात पिवळ्या झाडांपेक्षा त्यांच्या आसपासच्या हिरव्या झाडांची काळजी मला जास्त वाटते. त्यांतली काही आत्ताच बाधित असण्याची शक्यता धरूनच चालावे.

झाडे न काढता पानांतून भरपूर अन्नद्रव्ये देऊन जगवण्याचा मार्ग इथे अनेकांनी धरला. त्यामागे लोभ नव्हता, उभी बाग काढण्याची हिंमत होत नव्हती. काही वर्षे उत्पन्न मिळाले, पण बागेतला रोगाचा साठा वाढत गेला आणि नव्याने लावलेली रोपे फळावर येण्याआधीच बाधित होऊ लागली. ब्राझीलच्या साओ पावलो पट्ट्यात रोग २००४ मध्ये सापडला. तिथे जाळीघरातली रोपे, रोगट झाडे काढणे आणि वाहकाचे नियंत्रण या तिन्ही गोष्टी एकदम राबवल्या आणि त्यांनी बरीच वर्षे फ्लोरिडापेक्षा चांगला टिकाव धरला. पुढे रोगट झाडे काढण्यात ढिलाई आली, काही कीटकनाशकांना सिला दाद देईनासा झाला, आणि २०२४ च्या पाहणीत तिथेही सुमारे ४४ टक्के झाडांवर लक्षणे आढळली. कीटकनाशकांचे गट आलटून पालटून वापरावेत असे आपण सांगतो, त्याचे महत्त्व तिथे दिसले.

सिला बाहेरून येतो तेव्हा पहिल्या काही ओळींवर उतरतो, म्हणून रोग धुऱ्यावर आधी दिसतो. तो एरवी दूर उडत नाही, तरी दोन किलोमीटरपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. आपली सातही झाडे पूर्वेच्या धुऱ्याला आहेत आणि पलीकडे दुर्लक्षित बाग आहे. रोपवाटिकेतून रोग आला असता तर आजारी झाडे बागेत विखुरलेली दिसली असती. अर्थात, चाचणीआधी ठाम बोलणे योग्य नाही.

---

वरूडचा_बागायतदार

सर्वांचे मनापासून आभार. काल मी आणि बाबा दोघेही भिंग घेऊन बागेत गेलो. सातपैकी सहा झाडांच्या पानांवर दोन वर्तुळांत वेगवेगळे चित्र दिसले. सातव्या झाडाच्या बुंध्याशी डिंक्या आहे, तिथली साल सोलली तर आतून तपकिरी निघाली, त्यामुळे त्याचा पिवळेपणा वेगळा असावा. आयोडीनचे पाणी सहाही झाडांचे काळे आणि मधल्या ओळीतल्या निरोगी झाडाचे फिकट पिवळे आले. बाबांनी दोन्ही पेले बराच वेळ हातात धरून पाहिले. त्यानंतर ते फांद्या कापण्याबद्दल काही बोललेले नाहीत. नमुने उद्या नागपूरला नेत आहे.

चाचणीत रोग निघाला तर झाडे काढायची, असे आमचे ठरले आहे. काढताना काय काळजी घ्यावी, त्याच खड्ड्यात पुन्हा लावता येईल का, आणि शेजारच्या बागेचे काय करावे? मालक नागपूरला राहतात, स्वभावाने चांगले आहेत, पण शेतीकडे त्यांचे लक्ष नाही.

---

काटोलकर

आधी फवारणी, मग कुऱ्हाड. आम्ही ही चूक केली होती. झाड पाडताना त्यावरचे प्रौढ सिला उठतात आणि शेजारच्या झाडांवर बसतात, म्हणजे आपणच त्यांना पुढच्या ओळीत पाठवतो. फवारणी करून दोन दिवसांनी झाड काढावे. बुंधा मुळांसकट उपटावा. आम्ही सुरुवातीला जमिनीलगत कापून सोडले होते, तर दोन महिन्यांत जंबेरीचे काटेरी फुटवे आले आणि त्यांवर सिलाची पिल्ले होती. खुंटालाही तोच रोग असतो.

शेजाऱ्यांशी बोलायला एकट्याने जाऊ नका, आजूबाजूच्या चार-पाच बागायतदारांनी मिळून जावे. आमच्याकडे मालकांना खर्चाची अडचण होती. पाच जणांनी वर्गणी काढून जेसीबी आणला आणि त्यांच्या संमतीने दीड एकर साफ केला, त्यात त्यांनी आता तूर घेतली आहे. नवतीच्या वेळची फवारणीही आम्ही सगळे त्याच तीन-चार दिवसांत करतो, एकाने केली आणि दुसऱ्याने नाही तर सिला फक्त धुरा बदलतो.

---

रोगशास्त्र_शिक्षक

खड्ड्याबद्दल सांगतो. ग्रीनिंगचा जिवाणू मातीत किंवा वाळलेल्या लाकडात टिकत नाही, त्यामुळे मुळे नीट निघाली असतील तर त्याच जागी पुन्हा लावता येते. डिंक्या झालेल्या सातव्या झाडाच्या बाबतीत हे लागू नाही. फायटोफ्थोरा बुरशी जमिनीत वर्षानुवर्षे राहते, तिथे आधी निचरा सुधारा आणि कलमाचा डोळा जमिनीपासून चांगला वर राहील असे लावा.

नवी रोपे मातृवृक्षांच्या चाचणीची नोंद ठेवणाऱ्या ठिकाणाहूनच घ्या. नागपूरची संस्था आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ ही दोन ठिकाणे आपल्याला जवळ आहेत. जंबेरीचे बी या रोगाचे वाहक मानले जात नाही, धोका डोळ्यात असतो. म्हणून रोपे बंद जाळीत वाढलेली आहेत का आणि डोळा कोणत्या झाडाचा आहे, हे लेखी विचारा. लहान रोपांवर नवती वर्षभर थोडी थोडी येत राहते, त्यामुळे मोठ्या झाडांपेक्षा ती सिलाला जास्त खेचतात. पहिली दोन वर्षे त्यांची पाहणी दर आठवड्याला हवी.

पुण्यात भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या केंद्रावर कपूर, राव आणि विश्वनाथ यांनी सिला हा भारतातील ग्रीनिंगचा वाहक असल्याचे १९६७ साली प्रसिद्ध केले. त्याला जवळजवळ साठ वर्षे झाली, तरी आपल्याकडे कलम घेताना डोळ्याची चौकशी क्वचितच होते, याची मला खरोखर खंत आहे.

अहवाल आला की इथे कळवा. तोवर पूर्वेकडच्या पहिल्या चार ओळींतल्या प्रत्येक झाडाला क्रमांक द्या, दर पंधरवड्याला चारही बाजूंचे शेंडे पाहा आणि वहीत नोंद ठेवा. जानेवारीची नवती फुटायला आता फार दिवस नाहीत.

---

वरूडचा_बागायतदार

अहवाल आला. पाच झाडांत रोग आढळला. सहाव्याचा नमुना पुन्हा मागितला आहे. सोमवारी फवारणी आणि बुधवारी झाडे काढणे असे ठरले आहे, ओळखीचा जेसीबीवाला येतो आहे. शेजारच्या मालकांशी फोनवर बोलणे झाले. ते रविवारी गावी येणार आहेत, आम्ही सहा जण जाणार आहोत आणि बाबा त्या कापलेल्या फळाचे फोटो आणि वही सोबत घेणार आहेत. पहिल्या चार ओळींतल्या ९२ झाडांना काल पांढऱ्या रंगाने क्रमांक घातले.